शेजारच्या आजींच्या डब्यातले जुने स्कॉटिश फोटो: जागा आणि साल कसं शोधायचं?

सातारची_सिस्टर

नमस्कार मंडळी. मी डंडीत राहते, इथल्या एका रुग्णालयात नर्स आहे. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहायच्या, त्या आता वृद्धाश्रमात गेल्यात. घर रिकामं करताना त्यांच्या भाच्याने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला. "तुला असलं काही आवडतं ना? नाहीतर कचऱ्यातच जाणार होतं." डब्यात बटणं, युद्धाच्या काळातलं रेशनचं पुस्तक आणि फोटो. मागे नावं जवळजवळ नाहीतच. आजींना नेऊन दाखवले, पण त्या प्रत्येक फोटोला "आर्ब्रोथ" म्हणतात. माहेर आर्ब्रोथचं, त्यामुळे सगळं जग तिथेच.

बरेचसे फोटो लग्न-बारशाचे आहेत, ते भाच्याला परत देणार आहे. हे चार मात्र मला सोडवत नाहीत:

पहिला, टे नदीवरचा रेल्वेपूल. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तपकिरी, कडा पिवळ्या पडलेल्या. खाली बारीक पांढऱ्या अक्षरांत एक नंबर आणि "जे. व्ही.". पुलाला लागून पाण्यात बुटक्या खांबांची एक रांग दिसते.

दुसरा, कुठलंतरी बंदर. हे पोस्टकार्ड आहे. शिडाच्या होड्या इतक्या दाटीने की पाणी दिसत नाही, आणि शिडं काळीकुट्ट. धक्क्यावर लाकडी पिंपं आणि कामाला वाकलेल्या बायका. भिंग लावलं तेव्हा कळलं, सगळ्यांच्या बोटांना चिंध्या गुंडाळल्यात. एका होडीवर के. वाय. आणि पुढे आकडे. मागे हिरवं तिकीट आहे, शिक्का पुसट. मजकूर एवढाच: हवा चांगली आहे, बूट मिळाले असं आईला सांग.

तिसरा, दगडी भलीमोठी कमान, वर मनोरे, बाजूला गोदी. पांढरी किनार असलेला छोटा फोटो. फोनवर शोधलं तर फोन पॅरिस म्हणतो.

चौथा माझा सगळ्यात आवडता. लांबलचक तळं, काठाला शेतं, दोन-तीन घरं, आणि पार मागे शंकूसारखा एकच डोंगर. खालची पट्टी कोणीतरी कात्रीने कापलीय, त्यामुळे नाव गेलं. माणूस एकही नाही. किती शांत आणि निर्मनुष्य असेल तेव्हाचं स्कॉटलंड!

जागा कुठल्या, साल कुठलं, आणि हे सांभाळायचं कसं? जाणकारांनी सांगावं.

शंकासूर

एवढं कशाला? एआयमध्ये टाका, रंग भरून आणि जागा ओळखून देईल दोन मिनिटांत. चांगले फ्रेम करून विकले तर पैसेही मिळतील.

देवगडचा_दर्यावर्दी

सिस्टर, एआयला जरा बाकावर बसवा, त्याच्याकडे नंतर येतो. मी देवगडचा. आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलं आणि आता फाइफच्या किनाऱ्यावर, अँस्ट्रथरजवळ राहतो. आमच्या गावच्या इतिहास मंडळात असे डबे येतच असतात. लोक पहिल्यांदा विचारतात, "हे कुठलं?" माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: ह्या फोटोचे पैसे कोणी मोजले? ते कळलं की फोटोत काय असेल आणि काय मुद्दाम नसेल, याचा अर्धा उलगडा होतो.

तुमचे जे. व्ही. म्हणजे जेम्स व्हॅलेंटाइन, तुमच्याच डंडीचे. त्यांच्या मुलांनी पुढे पोस्टकार्डांचा प्रचंड धंदा उभा केला. त्यांचे प्रतिस्पर्धी ॲबर्डीनचे जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन (१८२३–१८९३). फोटोखाली जी. डब्ल्यू. डब्ल्यू. दिसलं की ते. व्हिक्टोरिया राणीचे स्कॉटलंडमधले अधिकृत छायाचित्रकार. दोघांचं गिऱ्हाईक एकच, रेल्वेने आणि आगबोटीने आलेला प्रवासी. त्याला घरी न्यायला काय हवं? किल्ला, धबधबा, तळं, राणी जिथे थांबली ती जागा. तेच त्यांनी पुन्हा पुन्हा काढलं. तेव्हा फोटो काचेवर टिपत आणि त्या काचेवरून प्रती काढत. विल्सन कंपनीच्या अशा काचा ॲबर्डीन विद्यापीठात आहेत, ३५,०००हून जास्त, आणि व्हॅलेंटाइनचा संग्रह सेंट अँड्र्यूज विद्यापीठात. दोन्ही ठिकाणचं पुष्कळसं घरबसल्या बघता येतं. व्हॅलेंटाइनच्या नोंदवह्या असल्यामुळे तुमच्या नंबरावरून सालाचा अंदाज लागतो. विल्सनच्या नंबरावर मात्र फार भिस्त ठेवू नका. जुनी काच खराब झाली की नवीन फोटो काढून तोच नंबर देत.

आता याच्या उलट बघा. ग्लासगोच्या थॉमस ॲनन यांनी १८६८ ते १८७१ या काळात जुन्या वस्तीतल्या बोळांचे फोटो काढले. ओल्या भिंती, वर वाळत घातलेले कपडे, हललेल्या पोरांची भुतं. एकाही प्रवाशाने ते विकत घेतले नसते. पैसे दिले शहर सुधारणा ट्रस्टने, म्हणजे ज्यांना ते बोळ पाडायचे होते त्यांनीच. आज ग्लासगोचे लोक तेच फोटो बघून हळहळतात.

तुमचा पूल. टेवरचा पहिला पूल १ जून १८७८ला सुरू झाला आणि २८ डिसेंबर १८७९च्या वादळी रात्री मधले उंच गाळे गाडीसकट नदीत गेले. गाडीतलं एकही माणूस वाचलं नाही. दुसरा पूल १८८७चा. तो जुन्याच्या वरच्या अंगाला, अगदी शेजारी बांधला, आणि जुन्याचे खांब पाण्यापासून थोडे वर ठेवून तोडले. तुमच्या फोटोतले बुटके खांब तेच. आजही गाडीतून जाताना पूर्वेच्या बाजूला दिसतात. म्हणजे अख्खा पूल आणि शेजारी खुंट, असा फोटो १८८७च्या आधीचा असूच शकत नाही. एक गंमत सांगतो, पडले नाहीत ते जुने गर्डर नव्या पुलात वापरलेत. आणि नदीतून वर काढलेलं इंजिन दुरुस्त करून १९१९पर्यंत चालवलं. त्याला गँगवाले "डायव्हर" म्हणायचे. इंजिनवाला म्हणून मला त्या फोरमनचं कौतुक वाटतं, ज्याने ते परत रुळावर आणलं.

पूल पडल्यावर चौकशी कोर्टाने फोटो काढायला सांगितले ते व्हॅलेंटाइनलाच. एरवी देखावे विकणाऱ्या माणसाने इथे तुटलेले बिडाचे कान, उपटलेले बोल्ट, कलंडलेले खांब असं एकेक नेमकं टिपलं. शंभर वर्षांनंतर इंजिनिअर लोकांनी त्याच फोटोंच्या मोठ्या प्रती करून बीड कुठे तडकलं ते पुन्हा तपासलं. माणूस तोच, कॅमेरा तोच. पैसे देणारा बदलला.

बंदराकडे येतो. माझा आवडता विषय आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

के. वाय. म्हणजे कर्कॉल्डी, होडीच्या नोंदणीचं ठिकाण. अँस्ट्रथर, पिटनवीम, सेंट मोनन्स इथल्या होड्यांवर हीच अक्षरं. पण अक्षरं होडीचं गाव सांगतात, फोटोतलं बंदर नव्हे! हेरिंग मासा उन्हाळ्यात शेटलंडला आणि शरदात पार खाली इंग्लंडमध्ये यारमथला. त्याच्यामागे सगळा ताफा, आणि ताफ्यामागे रेल्वेने ह्या बायका. म्हणून आजूबाजूच्या होड्यांची अक्षरं वाचा. बहुतेक सगळ्या के. वाय. असतील तर फाइफ. एफ. आर. (फ्रेझरबर्ग), बी. एफ. (बॅन्फ), डब्ल्यू. के. (विक) अशी सरमिसळ असेल तर मोठ्या हंगामाचं कुठलंही बंदर. धक्क्याच्या टोकाला बुटका अष्टकोनी दीपस्तंभ दिसला तर मला लगेच कळवा, तो आमचा, १८८०चा.

होडीचा मागचा भाग बघा. मागची बाजू तिरकी, पाण्यावर बाहेर झुकलेली असेल तर ती "झुलू". पुढून-मागून दोन्हीकडे सरळ उभी असेल तर "फाइफी". पहिली झुलू १८७९ साली लॉसीमाउथला बांधली, तेव्हा आफ्रिकेत झुलू लोकांशी लढाई चालू होती म्हणून ते नाव. म्हणजे एक जरी झुलू दिसली तरी फोटो १८७९नंतरचा. धुरांडं असलेल्या आगबोटींची गर्दी असेल तर १९०० उलटून गेलं. खरीखुरी फाइफी बघायची असेल तर अँस्ट्रथरच्या मत्स्यव्यवसाय संग्रहालयाकडे "रीपर" आहे, १९०२च्या सुमाराची.

बायका तिघी-तिघींच्या टोळीने काम करत. दोघी मासा चिरून आतडी काढणाऱ्या, तिसरी पिंपात मीठ घालून थर लावणारी. सराईत बाई मिनिटाला पन्नास-साठ मासे करायची. बोटांच्या चिंध्या म्हणजे पिठाच्या पोत्याच्या पट्ट्या. सुरी लागली की जखमेत मीठ जायचं ना. प्रवाशाने हे कार्ड "रंगतदार कोळीण" म्हणून घेतलं असणार. मी बघतो तेव्हा मला आधी ती बोटं दिसतात.

आता तिकीट. ब्रिटनमध्ये पोस्टकार्डाच्या मागे एका बाजूला पत्ता आणि एका बाजूला मजकूर लिहायची मुभा १९०२ला मिळाली. त्याआधी मागे फक्त पत्ता. आणि कार्डाचा दर अर्धा पेनी होता तो जून १९१८मध्ये एक पेनी झाला. हिरवं म्हणजे अर्ध्या पेनीचं. राजाला टक्कल असेल तर सातवा एडवर्ड, भांग असेल तर पाचवा जॉर्ज. बघून सांगा. पण लक्षात ठेवा, काच कधी टिपली, कार्ड कधी छापलं आणि पोस्टात कधी पडलं, ह्या तीन वेगळ्या तारखा. एकच काच वीस-वीस वर्षं विकली जायची.

आणि शंकासूर, आता तुमचं एआय. शिडं काळी का दिसतात? ती काळी नव्हती. कुजू नयेत म्हणून शिडं आणि जाळी कातात उकळायचे. कात म्हणजे तोच, खैराचा, पानातला; इथे मुख्यतः ब्रह्मदेशातून यायचा. रंग यायचा गडद तांबूस. पण त्या काळच्या फोटोच्या काचेला निळा प्रकाशच नीट दिसायचा, तांबडा जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणून तांबडं ते काळं आणि निळं ते पांढरं. आकाश कोरं पांढरं असतं ते त्याचमुळे. यंत्राला हे माहीत नसतं. ते काळ्याला काळंच रंगवणार, बाईचा निळा परकर करडा करणार, आणि लोक म्हणणार, "वा, किती जिवंत!"

गिरगावचा_ट्रामवाला

काकांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. कोळणींचे फोटो निघालेच आहेत तर एडिंबराजवळच्या न्यूहेवनच्या कोळणी बघाच. हिल आणि ॲडमसन या जोडीने १८४३ ते १८४७ या काळात काढलेले, जगातल्या सगळ्यात जुन्या अशा फोटोंपैकी. टॅलबॉटचं कागदी फोटोच्या पद्धतीचं पेटंट इंग्लंडात होतं, स्कॉटलंडमध्ये नव्हतं, म्हणून ॲडमसनला कोणाला पैसे न देता दुकान काढता आलं. बिचारा १८४८मध्ये गेला, वय २६.

काकांच्या "पैसे कोणी मोजले" ला जोडून सांगतो. ही जोडी जमली कशी? १८४३मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली, साडेचारशेच्या वर पाद्री सरकारी चर्च सोडून बाहेर पडले. त्यांचे पुढारी थॉमस चामर्स, जन्म अँस्ट्रथरचा, म्हणजे काकांचे गाववाले. हिल होते चित्रकार. त्यांना ह्या प्रसंगाचं भव्य चित्र काढायचं होतं आणि एवढे चेहरे रेखाटायला वेळ नव्हता, म्हणून फोटो. चित्र पुरं व्हायला १८६६ उजाडलं. फोटो नुसते मदतीला काढले होते, आज चित्राकडे कोणी ढुंकून बघत नाही.

आणि आता मुंबईकरांसाठी: त्या फोटोंत आपल्या मुंबईचा एक तरुण पारशी आहे. धनजीभाई नौरोजी. विल्सन कॉलेजवाले डॉ. जॉन विल्सन (हे मूळचे इंग्लंडच्या सीमेकडच्या लॉडर गावचे) यांनी १८३९मध्ये त्यांना बाप्तिस्मा दिला तेव्हा मुंबईत केवढं वादळ झालं, प्रकरण कोर्टात गेलं. १८४३मध्ये ते विल्सनबरोबर एडिंबराला शिकायला गेले आणि नेमके ह्या कॅमेऱ्यापुढे बसले. मुंबईहून आलेला मुलगा, १८४०चं दशक, स्कॉटलंडची थंडी. मी चौपाटीवरून जाताना त्या कॉलेजच्या इमारतीकडे बघतो तेव्हा मला विल्सनपेक्षा हाच आठवतो.

सातारची_सिस्टर

बापरे, किती माहिती! काका, राजाला टक्कल आहे. आणि मागे मधोमध उभी रेघ आहे, एकीकडे पत्ता, एकीकडे बुटांचा मजकूर. होड्या: चार ठिकाणी के. वाय. वाचता येतंय, एका ठिकाणी फक्त वाय. तिरक्या पाठीच्या आहेत, धुरांडं एकही नाही. दीपस्तंभ दिसत नाही, पण उजवीकडे फोटोच संपतो.

कमानीबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. आणि त्या तळ्याचं काय?

डोंगरयात्री_इन्व्हरनेस

तळ्याचं मी सांगतो. इतकी वर्षं इथले डोंगर तुडवल्यावर हा आकार झोपेतही ओळखेन. मागचा शंकू म्हणजे शिहॅलियन, १,०८३ मीटर. १७७४मध्ये मॅस्केलिन नावाचे खगोलशास्त्रज्ञ त्याच्या उतारावर ओळंबा लावून बसले होते. डोंगर ओळंब्याला किती ओढतो ते मोजून पृथ्वीचं वजन काढायला. तो निवडला तो आकारासाठीच, सगळ्या बाजूंनी सारखा आणि शेजाऱ्यांपासून सुटा. आणि तुमचं तळं लॉख टमल, पिटलॉख्रीच्या पश्चिमेला. फोटो "क्वीन्स व्ह्यू" नावाच्या कड्यावरून काढलाय. राणी व्हिक्टोरिया तिथे १८६६मध्ये आल्या होत्या. पिटलॉख्रीला रेल्वे १८६३ला आली. काकांचा हिशेब इथेही लागू: गाडी आली, राणी आली, मागोमाग कॅमेरा आला. विल्सन, व्हॅलेंटाइन, दोघांनीही ही जागा विकली आहे, त्यामुळे कापलेल्या पट्टीत कोणाचं नाव होतं ते दोन्ही संग्रहांत ताडून बघावं लागेल.

जागा ओळखायची माझी पद्धत सोपी आहे. पाणी बदलतं, झाडं बदलतात, घरं जातात, रस्ते सरकतात. आकाशाला लागलेली डोंगराची कड बदलत नाही. फोटोवर पातळ कागद ठेवून फक्त ती कड पेन्सिलने गिरवा आणि तो कागद घेऊन त्या जागी उभे राहा. जवळची टेकडी लांबच्या डोंगराला जिथे छेदते तो बिंदू जुळेपर्यंत पुढेमागे सरका. बऱ्याचदा छायाचित्रकाराने तिपाई ठेवली त्याच दगडापाशी तुम्ही पोचता.

पण तुम्ही आज तिथे गेलात तर फोटोतलं तळं सापडणार नाही. १९४३मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर भागासाठी जलविद्युत कायदा झाला, त्यामागे टॉम जॉन्स्टन हे मंत्री होते. त्या योजनेत टमल नदीवर क्लूनीला धरण बांधलं आणि १९५०च्या सुमारास तळ्याची पातळी चार-पाच मीटरने वर आली. तुमच्या फोटोतली काठाची शेतं आज पाण्याखाली आहेत. आताचं तळं फोटोतल्यापेक्षा बरंच लांबरुंद आहे आणि पर्यटक त्यालाच निसर्गाची करणी समजून सेल्फी काढतात. आणि कड्याभोवतीचं दाट जंगल? तेही बहुतेक लावलेलं आहे. १९१९मध्ये वनीकरण आयोग झाला, पहिल्या महायुद्धात लाकूड संपलं होतं म्हणून. त्यानंतर डोंगरच्या डोंगर सूचिपर्णी झाडांनी भरले. जुन्या फोटोत जिथे उघडा माळ दिसतो तिथे आज झाडांमुळे समोरचं काही दिसत नाही, असं मला किती ठिकाणी झालंय.

धरणांवर मी रागावलेलो नाही हं. तेव्हा डोंगराळ भागातल्या फारच थोड्या शेतघरांत वीज होती. पिटलॉख्रीच्या लोकांनी त्यांच्या गावच्या धरणाला कडाडून विरोध केला, म्हणाले पर्यटक येणं बंद होईल. आता त्याच धरणाची माशांसाठी बांधलेली शिडी बघायला बसगाड्या भरून येतात.

एक मात्र बोलतोच. "निर्मनुष्य" म्हणालात. फोटो पुन्हा बघा. शेतं नांगरलेली असतील, बांध असतील, गवताच्या गंजी असतील. ते कोण करत होतं? काचेवर ओलं रसायन लावून फोटो टिपायच्या काळात एकेका फोटोला सेकंदच्या सेकंद लागायचे, चालणारा माणूस उमटायचाच नाही. आणि उमटला असता तरी गिऱ्हाइकाला उदात्त एकांत हवा होता, शेणाची पाटी घेतलेला कूळ नको होता. माणसं दाखवायची तर ती विचित्र वाटली पाहिजेत. सेंट किल्डा बेटाचे विल्सन कंपनीचे १८८६चे फोटो बघा. तिथले पुरुष सकाळी रस्त्यावर जमून आज काय काम करायचं ते ठरवायचे, त्याला फोटोवाल्यांनी "पार्लमेंट" करून टाकलं. दाढीवाले लोक दोन रांगांत, टक लावून बघतायत. त्या बेटावरचे उरलेले ३६ जण २९ ऑगस्ट १९३०ला बोटीत बसून कायमचे निघून आले. फोटो विकले जायचे थांबले नाहीत.

शंकासूर

रंगाचं पटलं काका, माघार. पण एक विचारतो. तिथे कोण राहायचं हे फोटोत नाही, मग कळणार कसं? की नुसतं "शेतं होती" म्हणून सोडून द्यायचं?

देवगडचा_दर्यावर्दी

शंकासूर, आता कसा मुद्द्याचा प्रश्न विचारलात! सोडून अजिबात द्यायचं नाही. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुने सर्वेक्षण नकाशे फुकट ठेवलेत. पडद्याच्या एका अर्ध्यात जुना नकाशा, दुसऱ्यात आजचं उपग्रहचित्र, दोन्ही एकदम सरकतात. मैलाला सहा इंच मापाचा नकाशा डोंगराळ भागाचाही आहे. टमलचा जुना काठ, काठावरचं प्रत्येक घर, घराचं नाव, सगळं त्यात मिळेल. छप्पर असलेलं घर आणि नुसत्या भिंती उरलेलं घर हेही वेगळं दाखवतात. नाव मिळालं की मालमत्ता मूल्यांकनाच्या वह्या. १८५५पासून दरवर्षीच्या आहेत, मालक कोण, कूळ कोण, भाडं किती. मग जनगणना, दर दहा वर्षांनी: घरात किती माणसं, वय, धंदा, गेलिक बोलतात का. सिस्टरांच्या निर्मनुष्य फोटोत किती माणसं भरतात ते बघा एकदा.

सिस्टर, कमान. मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिची जागा तुम्ही रोज ओलांडत असाल. ती डंडीचीच. १८४४मध्ये राणी व्हिक्टोरिया डंडीच्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा घाईघाईत लाकडी कमान उभारली होती. मग त्याची आठवण म्हणून दगडी बांधली, रॉकेड नावाच्या वास्तुविशारदाची. स्टर्लिंगचं वॉलेस स्मारकही त्यांचंच. गोद्यांच्या मधोमध उभी होती. १९६४मध्ये टेवरच्या रस्त्याच्या पुलासाठी गोद्या बुजवल्या आणि कमान पाडली. दगड भरावात गेले. तुमच्या शहरात व्ही अँड ए संग्रहालयाकडे जाताना जो सपाट, वाऱ्याचा, रुंद पट्टा लागतो तिथे पाणी होतं, जहाजं होती. डंडीचे म्हातारे त्या कमानीवर अजून भांडतात: अर्धे म्हणतात पाप केलं, अर्धे म्हणतात कबुतरांचं घर होतं, बरं झालं. मला विचाराल तर दिसायला ती बेढबच होती, पण गोद्या बुजवायला नको होत्या. बंदर असलेल्या गावाने पाण्याकडे पाठ फिरवली की काय होतं ते मी विजयदुर्गालाही बघितलंय. फोटोत ट्राम दिसली तर १९५६च्या आधीचा. त्या वर्षी डंडीच्या ट्राम बंद झाल्या.

आणि हा फोटो आधीच्या तिघांसारखा नाही, हे ध्यानात आलं का? छोटा, पांढऱ्या किनारीचा, नंबर नाही, नाव नाही. हा विकत घेतलेला नाही. कोणीतरी घरच्या कॅमेऱ्याने काढलाय. इथे पैसे मोजणारा आजींच्या घरातलाच. म्हणून चौघांत हाच जपा. टे पुलाच्या आणि टमलच्या प्रती पुष्कळ निघतील, ह्याची दुसरी असेल असं वाटत नाही. पुढचं वृद्धाश्रमात जाल तेव्हा हा एकटाच न्या, बाकीचे नको. जागा विचारू नका, त्या आर्ब्रोथच सांगतील. कॅमेरा कोणाचा होता ते विचारा.

पोस्टकार्ड तर झालंच तुमचं: टकल्या राजा आणि मधली रेघ, म्हणजे १९०२ ते १९१०च्या आसपास पोस्टात पडलं. धुरांडी नाहीत म्हणजे फोटो बहुतेक त्याहून जुना. चार के. वाय. म्हणजे फाइफ असायची दाट शक्यता. कार्ड घेऊन इकडे या, आमच्या मंडळातल्या म्हाताऱ्यांना होडीचे आकडे दिले की नाव आणि मालक काढतात. आमच्याकडचा हिवाळी हेरिंग १९४०च्या दशकात संपला, पण त्यांच्या घरी आकडे अजून पाठ आहेत. शनिवार-रविवार टाळा, मासे आणि चिप्सच्या रांगांत धक्का दिसत नाही.

सांभाळायचं म्हणाल तर, पुठ्ठ्यावरचा फोटो सोलून काढायचा नाही, कितीही मोह झाला तरी. तो कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा, पातळ, फाटेलच. पुसायचा नाही, पाणी नाही, चिकटपट्टी नाही. मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलने, बॉलपेनने नव्हे. पुढची आणि मागची दोन्ही बाजू स्कॅन करा. लोक मागची विसरतात. मग ॲसिडविरहित कागदाच्या पाकिटात, बिस्किटांच्या डब्याबाहेर. डबा बटणांना ठेवा.

सातारची_सिस्टर

कमानीच्या फोटोत ट्राम नाही, पण कोपऱ्यात एका सायकलचं पुढचं चाक आणि एक बाईचा बूट आलाय. मी इतके दिवस तो भाग अंगठ्याने झाकूनच बघत होते. मंगळवारी माझी सुट्टी आहे, आजींकडे जाते. काका, त्याच आठवड्यात तुमच्याकडे, गुरुवार चालेल का? कार्ड पाकिटात घालून आणते.